दादूचं आठ महिन्यांचं शहाणपण

राजश्रीला राग पटकन यायचा आणि पटकन जायचा. पंचाईत एवढीच, की मधल्या वेळात ती बोलायची. असंच बोलताबोलता आषाढात तिने देवाला एक शब्द देऊन टाकला. उचलली जीभ लावली टाळ्याला. दादू तो शब्द खरा करून दाखवील असं तिला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

रत्नागिरी शहराबाहेर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, ‘सोबत’ नावाचं एक घर आहे. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे काजूची तीन झाडं. वयाने मोठी, पण रोजच्या गोष्टींना ज्यांना कुणाचा तरी हात लागतो अशी अकरा माणसं तिथे राहतात. राजश्री तिथली ताई. मूळची पूर्णगडची, खलाशाची मुलगी, वय शेहेचाळीस, आणि आवाज असा, की बंदराबाहेर गेलेली होडी तिने किनाऱ्यावरून परत बोलवावी. अकरांपैकी दहा जण तिला वचकून असत. अकरावा दादू.

दादू मंडणगडच्या आतल्या एका गावचा. आई होती तोवर आईने त्याला सांभाळलं. ती गेली तेव्हा दादू पस्तिशीचा होता. मोठा भाऊ हरिश्चंद्र मुंबईला नोकरीला. त्याने दादूला तिकडे नेऊन पाहिलं, पण एवढ्याशा खोलीत दादूचं आणि खोलीचंही जमलं नाही. तिसऱ्या आठवड्यात तो वहिनीच्या, मालनच्या दंडाला असा चावला की टाके घालावे लागले. त्यानंतर हरिश्चंद्र त्याला ‘सोबत’मध्ये घेऊन आला. जाताना तो राजश्रीला म्हणाला, स्वभावाने वाईट नाही हो. प्रत्येकाचे नातेवाईक हेच म्हणतात आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं, पण ते कळायला वेळ लागतो आणि तोवर आयोडिन लागतं.

पहिलं वर्ष दातांचं गेलं. आंघोळीला नेलं की दादू चावायचा, नखं कापायला बसवलं की चावायचा. एकदा तर रक्तदाब तपासायला आलेल्या डॉक्टरांनाच चावला, त्यामुळे त्या दिवशी रक्तदाब डॉक्टरांचा वाढला. राजश्रीच्या उजव्या हातावर अजून एक अर्धचंद्र आहे. नवीन मदतनिसांना ती तो असा दाखवते, जशा दुसऱ्या बायका पाटल्या दाखवतात.

आंघोळीचा तिढा शेवटी गाऱ्हाण्याने सुटला. कोकणात देवापुढे नारळ ठेवून एखादा जाणता माणूस गाऱ्हाणं घालतो, म्हणजे सगळी हकीकत मोठ्याने देवाच्या कानावर घालतो, आणि जमलेली मंडळी वाक्यावाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. दादूने तीन दिवस अंगाला पाणी लागू दिलं नव्हतं. टेकीला आलेली राजश्री न्हाणीच्या दारात तांब्या घेऊन उभी राहिली आणि तिने वैतागून देवालाच हाक मारली. हे बा देवा म्हाराजा, ह्या दादूच्या अंगाला वास मारतोय म्हाराजा, तर ह्याला दोन तांबे पानी घ्यायची बुद्धी दे. आतून खणखणीत आवाज आला, ‘व्हय म्हाराजा.’ आणि पाठोपाठ पाण्याचा आवाज आला. लहानपणी गावच्या देवळात बापाच्या बाजूला उभं राहून त्याने हे शेकडो वेळा म्हटलं असणार. तेव्हापासून ‘सोबत’मध्ये रोज सकाळी गाऱ्हाणं होऊ लागलं. बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायची रीत नाही, असं एक विश्वस्त म्हणाले. पण देवाने हरकत घेतली नव्हती, मग त्यांनीही फार ताणलं नाही.

दुसरं वर्ष ताटांचं. दात आवरले आणि ताटं उडू लागली. तिसऱ्या वर्षी त्याला चपलांचा शोध लागला. जमिनीवरची चप्पल कौलावर गेली की माणसं किती धावपळ करतात, हे पाहून त्याला फार समाधान मिळत असावं. देणगीदार, पाहुणे, तपासणीला आलेले साहेब, कुणाकुणाला त्याने अनवाणी घरी धाडलं. मधे टाळेबंदीची दोन वर्षं हरिश्चंद्र फिरकू शकला नाही, तेव्हा पाहुणे येत नसल्यामुळे दादूने घरातल्यांच्याच चपलांवर भागवलं.

आणि मग एक दिवस चपलाही थांबल्या, आणि दादूची जीभ सुटली. आल्यागेल्याला हात जोडून तो तक्रारी सांगू लागला. आम्हाला जेवण देत नाहीत. पंखा लावत नाहीत. ही बाई मारते. सांगण्याची तऱ्हा इतकी गरीब, की एक देणगीदार बाई रडल्या आणि जाताना राजश्रीकडे न बघता गेल्या. भातामागून भात वाढून त्याला सहा वर्षांत बारा किलोने वाढवणारी कमळामावशी स्वयंपाकघरात डोक्याला हात लावून बसली.

देखरेखीला तीन वर्षांपूर्वी आरोही नावाची मुलगी आली होती. अलोऱ्याची, समाजकार्य शिकलेली, नीटनेटकी. तिने एक वही केली. दुसऱ्याला इजा, वस्तूंची मोडतोड, आरडाओरडा आणि खोट्या तक्रारी असे चार रकाने, रोजची नोंद, आणि महिन्याच्या शेवटी आलेख. दादूच्या वागण्यात चांगला बदल होतोय, असं ती म्हणायची. राजश्रीला तो बदल वेगळाच दिसायचा. राग होता तेवढाच होता. तो दातांतून हातात आला होता आणि हातांतून जिभेवर. पण जिभेने टाके पडत नाहीत म्हणून तिने वाद घातला नाही.

मग आला आषाढ. घराचे सगळ्यात वडीलधारे विश्वस्त भेटीला आले असताना दादू पुढे झाला, हात जोडले आणि म्हणाला, ही माझा खारा बांगडा खाते. सगळे राजश्रीकडे पाहू लागले. आता गंमत अशी, की त्याच्या शंभर तक्रारींतली ही एक खरी होती. मागच्या पावसाळ्यात त्याने ताटात टाकलेला अर्धा तुकडा तिने खाल्ला होता. खोट्या आळाने माणूस जेवढा चिडत नाही तेवढा खऱ्या आळाने चिडतो.

विश्वस्तांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि राजश्रीने अकराही जणांना देवघरापुढे उभं केलं.

‘हे बा देवा म्हाराजा,’ तिने सुरू केलं, ‘ह्या दादूच्या दाताला, हाताला आनी जिभेला तूच आवर घाल.’

‘व्हय म्हाराजा.’

‘आनी एका तक्रारीबिगर ह्याने शिमगा गाठलान, तर शिमग्याला मी ह्याला सोता घरी पोचवतंय.’

‘व्हय म्हाराजा,’ सगळे म्हणाले. सगळ्यांत मोठा आवाज दादूचा होता.

तो सोमवार होता. गुरुवारपर्यंत हा काहीतरी करील आणि आपण मोकळ्या होऊ, असा राजश्रीचा हिशेब होता. गुरुवार आला. दादूने ताट पुसून जागेवर ठेवलं. पुढचा गुरुवार आला. श्रावण गेला, गणपती गेले, वहीतले चारही रकाने कोरे. आरोहीच्या आलेखाची रेघ खाली उतरत उतरत तळाला टेकली आणि तिथेच पडून राहिली. विश्वस्तांनी पेढे वाटले. आरोही तो आलेख घेऊन पुण्याला एका शिबिरात बोलून आली. तिथे लोकांनी तिला विचारलं, नेमकं काय केलंत? तिने सातत्य आणि प्रेम असं काहीसं सांगितलं. देवघरापुढच्या सौद्याबद्दल तिला कुणी बोललंच नव्हतं, आणि राजश्री मूग गिळून होती.

कारण राजश्रीला आता दुसरंच दिसू लागलं होतं. दादू जेवायला बसला की डावा हात मांडीखाली दाबून ठेवायचा. आमटी नावडती असली की मानेच्या शिरा फुगायच्या, पण तोंडातून शब्द नाही. पाहुणे आले की तो स्वतःहून काजूच्या झाडामागे जायचा आणि ते गेले की परत यायचा. दिवाळीत अभ्यंगाचं तेल लावताना तिने त्याची बाही वर सारली तर मनगटावर दातांचे व्रण. जुने, नवे, एकावर एक. दात त्याचेच होते आणि मनगटही त्याचंच होतं.

तिने आरोहीला बोलावून दाखवलं. आरोही हळहळली, तिने मलम आणलं, वही काढली आणि थबकली. दुसऱ्याला इजा असा रकाना होता. स्वतःला इजा असा नव्हता. मग राजश्रीने तिला आषाढातलं सगळं सांगून टाकलं. आरोही बराच वेळ त्या कोऱ्या पानांकडे बघत बसली. तिने पाचवा रकाना आखला, पण तिचं तोंड उतरलेलंच राहिलं.

राजश्रीला स्वतःची लाज वाटली. शहाणा झाला, शहाणा झाला, म्हणून सगळे कौतुक करत होते आणि हा माणूस चार महिने दात आवळून बसला होता, तिच्या एका रागाच्या वाक्यासाठी. त्याला सोडवावं म्हणून एका दुपारी ती त्याला काजूखाली घेऊन गेली आणि म्हणाली, दादू, एकदा ओरड बघू मोठ्याने, चालेल. माझी चप्पल घे, टाक कौलावर. दादूने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की हा डाव न ओळखण्याइतका मी काही वेडा नाही. त्याने तिची चप्पल उचलली, झटकली आणि तिच्या पायाशी नीट जोडीने ठेवली. राजश्रीला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही लपवायला तिने कमळामावशीला उगाचच हाक मारली.

म्हणजे आता एकच वाट उरली होती. शब्द पाळायचा.

माघात तिने हरिश्चंद्रला फोन लावला. तो चांगलं बोलला, पण चांगलं बोलत बोलत मागे सरकत गेला. गावचं घर वर्षातून दोनदाच उघडतं, शिमग्याला आणि गणपतीला. पालखी घरी येते, भावकी जमते. मालनच्या मनात अजून भीती आहे. पुढच्या वर्षी बघू. राजश्रीने त्याला आधी समजावलं, मग विनवलं, आणि दोन्ही संपल्यावर तिने तिचा आवाज लावला. मी स्वतः आणते, स्वतः नेते, पालखीचा एक दिवस, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परत. मग हरिश्चंद्र म्हणाला, बरं, एक दिवस.

फाल्गुनात ती दोघं पहाटेच्या एसटीत बसली. रत्नागिरी ते मंडणगड म्हणजे जवळपास दिवसच मोडतो. दादूने नवा शर्ट घातला होता आणि खिडकीची जागा मिळूनही दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. चिपळूणला शेजारची एक बाई त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली, तेव्हा तो खेडपर्यंत श्वास रोखल्यासारखा बसून राहिला. कंडक्टर राजश्रीला म्हणाला, तुमचे भाऊ फार शांत आहेत हो. राजश्रीला ते ऐकून बरं वाटलं नाही.

गावात पोचले तेव्हा हरिश्चंद्र अंगणाच्या दगडी कुंपणापाशी, गडग्यापाशी उभा होता. तो दादूपेक्षा जास्त म्हातारा दिसत होता. त्याने दादूच्या पाठीवर हात ठेवला, काढला, परत ठेवला. मालन पडवीच्या खांबामागे उभी होती. पदर दंडावरून घट्ट ओढलेला. दादू अंगणात शिरला, तिला पाहिलं आणि जागच्या जागी थांबला. मग त्याने आपला तळवा तोंडावर घट्ट धरला आणि तसाच, तोंड झाकून, तिच्यासमोरून सावकाश आत गेला. कुणी त्याला हे शिकवलं नव्हतं. मालन कितीतरी वेळ खांबाशीच उभी राहिली, आणि नंतर राजश्रीला चहा देताना तिने हळूच विचारलं, हे असंच करतात का नेहमी. राजश्री म्हणाली, पहिल्यांदाच.

पालखी उन्हं कलताना आली. ढोल, गुलाल, पालखी नाचवणारी पोरं, मुंबईहून आलेली निम्मी वाडी. दादू मागच्या दारी बसेल असं ठरलं होतं, पण ढोल वाजल्यावर तो मागच्या दारी बसेल हे ठरवणारा माणूस शहाणा नव्हे. तो अंगणाच्या कडेला येऊन उभा राहिला, हात पाठीमागे बांधून. मालनने ओटी भरली, नारळ ठेवला, आणि गावचे मानकरी रावजी गाऱ्हाणं घालू लागले. घरातल्या एकेकाचं नाव त्यांनी घेतलं आणि मग त्यांची नजर कडेला गेली. रावजींनी डोळे बारीक केले. आनी ह्यो दादू घरी आलाय म्हाराजा, म्हणाले, तर ह्या घरातली मानसा ह्या घरात सुखात ऱ्हावंत. लोक म्हणाले, व्हय म्हाराजा. दादू काही म्हणाला नाही. त्याचे डोळे भरून आले होते आणि ओठ गच्च मिटलेले होते.

राजश्रीला वाटलं, फिटला एकदाचा शब्द. ती त्या रात्री शांत झोपली.

सकाळी नऊची गाडी होती. आठ वाजता तिने पिशवी भरली आणि दादूला हाक मारली. तो अंगणात होता. गुलाल झाडून, पानं गोळा करून त्याने अख्खं अंगण लोटून काढलं होतं आणि आता पायरीवर बसला होता, हात गुडघ्यांवर. चल, ती म्हणाली. तो उठला नाही. चिडला नाही, हात उचलला नाही. नुसता बसून राहिला.

‘तू जा,’ तो म्हणाला. ‘मी हितं ऱ्हातोय.’

राजश्रीने नेहमीचे सगळे उपाय काढले. ‘सोबत’मधले सगळे वाट बघत असतील. कमळामावशीने आज खास तुझ्यासाठी काहीतरी केलं असेल. तो सगळं मान हलवून ऐकत होता, पाहुण्याचं ऐकावं तसं. हरिश्चंद्र बाहेर आला. एक दिवस बोलला होतात तुमी, तो राजश्रीला हळू आवाजात म्हणाला. तो आवाज रागाचा नव्हता, घाबरलेल्या माणसाचा होता.

दादूने ते ऐकलं.

‘हिनं देवाला सांगितलान, घरी पोचवतंय,’ तो म्हणाला. ‘परत आनतंय असा नाय बोल्ली.’

राजश्रीने आषाढातलं आपलं वाक्य आठवून पाहिलं. खरंच नव्हती बोलली. नवस करताना आपल्याकडे माणसं किती जपून बोलतात. नारळ एक की पाच, कोंबडा की बकरा, यंदा की पुढच्या साली, सगळं ठरवून. पण तिने तो नवस थोडाच मानला होता? तिने दादूला गप्प बसवायला देवाचं नाव घेतलं होतं. आणि दादू आठ महिने मनगट चावत बसला तो पालखी बघायला नव्हे. घरी राहायला मिळेल म्हणून.

‘मी शाना झालोय,’ दादू भावाला म्हणाला. ‘इचार हिला.’

हरिश्चंद्रने राजश्रीकडे पाहिलं. खोटं बोलायची संधी होती, आणि गाडीही सुटायला आली होती.

‘बोल्ला ता खरा हाय,’ ती म्हणाली. ‘चुकी माझी हाय. मी रागात बोल्लंय, आनी परत यायचा कधी सांगितलंच नाय.’

हरिश्चंद्र खाली बसला. राजश्री पिशवीचा बंद उगाच सोडत-बांधत राहिली. तिच्या मनात एकदा आलं, की आता हा ओरडला, चावला, काहीही केलं तर किती बरं होईल; उचलून नेता येईल. पण तो इतका नीट बसला होता, की त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

पडवीतून मालन खाली आली. दादूपासून दोन हातांवर ती पायरीवर बसली. दंडावरचा पदर घसरला तो तिने तसाच राहू दिला.

‘भावजी,’ ती म्हणाली, ‘आमी रंगपंचमीपरयंत हाव. तवर तुमी बी ऱ्हावा. मंग आमी मुंबैला जानार, घर बंद हुनार, तवा मी सोता तुमाला रत्नांग्रीला सोडीन. मुंबैच्या खोलीत तुमाला जमायचा नाय, आनी मला बी नाय जमायचा. खोटा कशाला बोलू.’

दादूने बराच विचार केला. ‘गनपतीला?’

‘गनपतीला परत आनीन. चवथीच्या आदी घर उघडतो, तवाच.’

‘देवाला सांग.’

‘देव कशाला,’ मालन म्हणाली. ‘मीच सांगतेय ना.’

दादूने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग दंडाकडे, मग परत तोंडाकडे. आणि मग तो मान वर करून ओरडला. शब्द काही नव्हता त्यात, नुसता आवाज, पण असा, की गडग्यावरचे कावळे उडाले आणि शेजारच्या घरातून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं. मालन दचकली, पण उठली नाही. आठ महिन्यांची साठवण होती, एका दमात संपेना. तीन वेळा ओरडून झाल्यावर त्याने धापा टाकत राजश्रीकडे बोट केलं आणि वहिनीला सांगितलं, ही घोरते. हिच्यापायी आख्ख्या घराला झोप नाय. आयुष्यात एवढा आळ कुणी राजश्रीवर इतक्या चारचौघांत घेतला नसेल, आणि तो ऐकताना तिला एवढं हलकं याआधी कधी वाटलं नव्हतं.

नऊची गाडी गेली. साडेअकराच्या गाडीपर्यंत राजश्रीने मालनला शिकवलं. गोळ्या कोणत्या, कधी. आमटी नको असली की मानेची शीर फुगते, तेव्हा ताट गुपचूप काढून घ्यायचं. चावायच्या आधी तो डावा हात पोटाशी घेतो, तेव्हा दोन पावलं मागे व्हायचं आणि तिसरं पाऊल पुढे टाकायची घाई करायची नाही. ओरडला तर ओरडू द्यायचं. बाही अधूनमधून वर करून बघायची. मालन एकेक गोष्ट परत म्हणून दाखवत होती. मधेच ती म्हणाली, पहिल्या खेपेला आम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं. राजश्री म्हणाली, तेव्हा ते कुणाला माहीतच नव्हतं. सहा वर्षं लागली.

निघताना ती दादूजवळ गेली. तो हरिश्चंद्रबरोबर आंब्याखाली वाळलेल्या काटक्या गोळा करत होता. येतंय रे, ती म्हणाली. तो म्हणाला, व्हय, आणि काटक्या मोडत राहिला. तिची जरा निराशाच झाली. सहा वर्षांनंतर एवढंसं व्हय. पण घरी पोचलेला माणूस निरोप घेत नाही, निरोप जाणारा घेतो, हे तिला वाडीच्या वळणावर कळलं.

मंडणगडच्या स्टँडवर आरोहीचा फोन आला. निघालात का, दादू ठीक आहे ना, कितीला पोचाल. राजश्रीने सांगितलं, एकटीच येतेय. तो रंगपंचमीपर्यंत राहतोय, वहिनी सोडायला येणार आहे. आरोहीच्या आवाजात एकदम काळजी आली. तिथे काही झालं का, त्याने कुणाला त्रास दिला का, त्याला काही त्रास होतोय का. राजश्री बाकावर बसली होती. पिशवी मांडीवर होती आणि ती अगदीच हलकी लागत होती, कारण आतले कपडे दादूचे होते आणि ते गावाला राहिले होते. तिने डोळे पुसले, आणि तिचा तो होड्या परत बोलवणारा आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा आला.

‘त्याला कसला त्रास गो,’ ती म्हणाली. ‘त्रास माला होतोय.’